टायरवरचे आकडे आणि काकांचा हिशेब

टायर आपण रोज पाहतो, पण वाचतो किती जण? मीही वाचत नव्हतो. माझे काका भाड्याची गाडी चालवितात. गेल्या वर्षी त्यांनी चारही टायर बदलले. "याच रिमवर बसतो, थोडा मोठा आहे, जास्त टिकेल," असे सांगून दुकानदाराने दुसऱ्याच मापाचे टायर त्यांच्या गळ्यात मारले. महिन्याभरात काका म्हणू लागले, "गाडी पूर्वीसारखे अ‍ॅव्हरेज देत नाही." गॅरेजमधल्या मिस्त्रींनी टायरकडे पाहून एवढेच म्हटले, "लेक्क तप्पैती." म्हणजे हिशेब चुकला आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे ऐकून स्वस्थ कसे बसवेल?

जुन्या टायरवर लिहिले होते, १६५/८० आर १४. यातले १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० हे मात्र टक्के आहेत : बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १४ हा रिमचा व्यास, तोही इंचांत! एका ओळीत तीन तऱ्हेची मापे. गोंधळ होतो तो येथेच.

आता बेरीज करू. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात वरची व खालची उंची, २६४, मिळविली की चाकाचा व्यास ६१९.६ होतो. नवा टायर १८५/८० आर १४. त्याची उंची १४८, व्यास ६५१.६. म्हणजे चाक सुमारे ५ टक्के मोठे. मीटर फक्त फेरे मोजतो. चाक मोठे झाले हे त्याला कसे कळावे? महामार्गावरच्या दगडांशी आम्ही ताडून पाहिले. वीस किलोमीटर गेलो, मीटरवर एकोणीसच!

म्हणजे अ‍ॅव्हरेज कमी दिसत होते ते मुख्यतः यामुळे. शिवाय मीटरवर हजार किलोमीटर दिसत तेव्हा गाडी १०५२ धावलेली असे. किलोमीटरला १५ रुपये धरले, तरी दर हजारी ७८० रुपयांचे भाडे बुडाले. मीटर ६० दाखवी तेव्हा वेग ६३ असे, हा धोका वेगळाच.

रुंद टायर हवाच असेल आणि रिमला चालत असेल, तर १८५/७० आर १४ पाहावा. त्याचा व्यास ६१४.६, फरक अवघा ५ मिलिमीटर. मापापुढचे ८५ टी यासारखे चिन्हही वाचावे : ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो भार, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरची मर्यादा. मूळ टायरपेक्षा हे आकडे कमी नसावेत.

काकांनी तोटा सोसून पुन्हा जुन्या मापाचे टायर घातले. आता दुकानात जाताना ते मला बरोबर नेतात. ताळेबंद पुस्तकातच असतो असे नाही. कधी तो रबरावरही छापलेला असतो.