बायबू : नाव एक, पण मूळ नक्की कोणतं?

औषधी वनस्पतींवर पीएचडी करायची असं ठरवलेले विद्यार्थी विषय सांगताना बहुतेक वेळा दोनच गोष्टी सांगतात: एक वनस्पती आणि एक आजार. ‘अमुक मुळाचा खोकल्यावर परिणाम.’ ऐकायला छान वाटतं. पण ‘अमुक मूळ’ म्हणजे नक्की काय, हा प्रश्न सुटल्याशिवाय पुढचं काम उभंच राहत नाही. हे समजायला चिनी वैद्यकातलं बायबू हे मूळ फार चांगलं उदाहरण आहे.

बायबू या चिनी नावाचा अर्थ साधारण ‘शंभर भाग’. झाड उपटलं की खाली जाडसर, लांबट मुळांचा झुबकाच दिसतो, म्हणून हे नाव. आपल्या शतावरीची मुळं आठवा, चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. वसंतात किंवा शरदात मुळं काढतात, धुतात, थोडी उकळून किंवा वाफवून वाळवतात. खोकल्यासाठी ती अनेकदा मधात परतून देतात. उवा मारायला मात्र कच्च्या मुळाचा काढा बाहेरून लावतात. चेंग ग्वोपेंग यांच्या 1732 च्या ग्रंथात ‘झिसौ सान’ म्हणजे खोकला थांबवणारं चूर्ण दिलेलं आहे. त्यातही बायबू आहे.

आता गंमत बघा. चीनच्या अधिकृत औषधकोशात बायबू या एकाच नावाखाली स्टेमोना प्रजातीतल्या तीन जाती मान्य आहेत: स्टेमोना सेसिलिफोलिया, स्टेमोना जॅपोनिका आणि स्टेमोना ट्युबरोसा. शिवाय शतावरीच्या प्रजातीतल्या काही झाडांची मुळंही काही भागांत ‘बायबू’च्या नावाने वापरली जातात. वाळवून चकत्या केल्या की नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड.

बरं, जात पक्की ठरली तर प्रश्न सुटला का? नाही. बायबूचे मुख्य घटक म्हणजे स्टेमोना अल्कलॉइड्स. आजवर शंभराहून जास्त वेगळे काढले गेले आहेत. स्टेमोना ट्युबरोसा या एकाच जातीची मुळं वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून तपासली, तेव्हा मुख्य अल्कलॉइड सगळीकडे सारखं नव्हतं. कुठे क्रूमिन जास्त, कुठे स्टेमोनिनिन, तर कुठे निओट्युबरोस्टेमोनिन. म्हणजे झाड तेच, नाव तेच, पण आतला माल वेगळा.

याने फरक काय पडतो? त्यासाठी खोकला कसा येतो ते पाहू. श्वासनलिकेतल्या मज्जातंतूंची टोकं चाळवली गेली की संदेश व्हेगस नर्व्हमधून मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत जातो. तिथून छाती-पोटाच्या स्नायूंना हुकूम सुटतो आणि आपण खोकतो. औषध हा रस्ता दोन ठिकाणी अडवू शकतं: खाली नसांच्या पातळीवर किंवा वर मेंदूत. कोडीन वर अडवतं. श्वासाचं नियंत्रणही लंबमज्जेतच असल्यामुळे अशा औषधाने श्वास मंदावण्याचा धोका असतो.

उंदीर माणसासारखं नीट खोकत नाहीत, म्हणून हे प्रयोग गिनीपिगवर करतात. सायट्रिक अ‍ॅसिडचा फवारा देऊन खोकला आणायचा आणि औषधाने तो किती कमी होतो ते मोजायचं. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या गटाने 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात वरची तिन्ही अल्कलॉइड्स खोकला कमी करतात असं दिसलं. पण स्टेमोनिनिन आणि निओट्युबरोस्टेमोनिन खालच्या पातळीवर काम करत होते, तर क्रूमिन मेंदूत. आणि क्रूमिनने श्वसनकेंद्रही दाबलं जात होतं.

इथे थोडं थांबा. नुसता ‘खोकला किती टक्के कमी झाला’ हा आकडा पाहिला असता तर तिन्ही पदार्थ ‘गुणकारी’ म्हणून एकाच रांगेत बसले असते. श्वासावरचा परिणाम मोजला म्हणूनच फरक कळला. अर्थात हे प्राण्यांवरचे निष्कर्ष आहेत. त्यावरून माणसांसाठी डोस ठरवता येत नाही. पण दमेकरी किंवा लहान मुलाच्या बाबतीत ‘मुळात क्रूमिन किती?’ हा प्रश्न विचारायलाच हवा, इतकं त्यावरून नक्की कळतं.

तुमच्या प्रपोजलसाठी यातून तीन गोष्टी घ्या. एक, बाजारातून पुडी आणून थेट अर्क काढायला बसू नका. फुलापानांसह नमुना हर्बेरियममध्ये जमा करा आणि त्याचा व्हाउचर नंबर घ्या. दोन, मूळ कुठून आणि कधी काढलं ते लिहा आणि प्रत्येक बॅचचं एचपीएलसी करा. तीन, फायदा मोजताना त्याच प्रयोगात तोटाही मोजा.

आपल्या अडुळशाची गोष्टही याच वाटेने गेली आहे. अडुळसा कफावर चालतो एवढ्यावर न थांबता त्यातलं व्हॅसिसिन वेगळं काढलं गेलं, आणि त्या रेणूच्या धाग्यावरून पुढे ब्रोमहेक्सिन तयार झालं. आज ते कफ सिरपच्या बाटलीवर नावासकट आणि मिलिग्रॅमसकट छापलेलं असतं. ‘कोणतं झाड’ पासून ‘कोणता रेणू, किती’ पर्यंतचं हे अंतर कापणं, हेच आपल्या क्षेत्रातलं खरं काम आहे.