समजते, पण सांगता येत नाही

समजा, आपण महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविता. पहिल्याच आठवड्यात आपण एका मुलीला विचारता, "मास आणि वेट यांत फरक काय?" मुलगी उभी राहते, वहीचा कोपरा चाळवते आणि गप्प बसते. आपण मनाशी म्हणता, हिचा पाया कच्चा आहे. पण तिलाच 'वस्तुमान' आणि 'वजन' यांतला फरक विचारून पहा. चंद्रावर वजन का घटते आणि वस्तुमान का घटत नाही, हे ती घडाघडा सांगेल. ती ते मराठी शाळेत शिकून आलेली आहे. तिचे अडले ते नावापाशी, कल्पनेपाशी नव्हे.

ज्याला कल्पनाच उमगली नाही, त्याला ती पुन्हा शिकवावी लागते. ज्याला फक्त नाव ठाऊक नाही, त्याला नाव सांगितले की भागते. पण दोघेही वर्गात सारखेच गप्प बसतात, आणि तिथेच आपली फसगत होते. हुशार मूल 'मंद' ठरते. पुढे ते स्वतःही तसेच मानू लागते. नुकसान होते ते हे.

मग सगळे मराठीत सांगितले की झाले का? नाही. गडचिरोलीकडे पहा. तेथे २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्या जिल्ह्यात कोणाच्या घरी गोंडी, कोणाच्या माडिया. सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, तर पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या कुटुंबांत बंगाली. यांतल्या पुष्कळांना मराठीसुद्धा शाळेतच शिकावी लागली. इंग्रजी ही त्यापुढची पायरी.

शिवाय मराठीचाही एक चकवा आहेच. बोलताना आपण बल, शक्ती, जोर हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. शास्त्रात बल निराळे, शक्ती निराळी. तासभर भिंत ढकलून घाम गळाला, पण भिंत तसूभरही हलली नाही, तर भिंतीवर झालेले कार्य शून्य! तेव्हा शब्दाला शब्द देऊन भागत नाही. उदाहरण द्यावेच लागते.

करायचे ते फार अवघड नाही. तासाच्या आरंभी त्या दिवसाचे पाच-सहा पारिभाषिक शब्द फळ्यावर लिहावेत, शेजारी मराठी प्रतिशब्द. गोंडी किंवा तेलुगू शब्द मुलांनाच विचारावा. आपल्याला तो येत नाही, हे कबूल करण्यात कमीपणा कसला? प्रश्न विचारल्यावर दोन मिनिटे मुलांना आपापल्या भाषेत शेजाऱ्याशी बोलू द्यावे, आणि मग उत्तर इंग्रजीत लिहवून घ्यावे.

"अशाने त्यांचे इंग्रजी सुधारणार कसे?" ही शंका रास्त आहे. पण शेवटचे वाक्य इंग्रजीतच लिहायचे आहे, हे विसरू नका. आधी विचार पक्का झाला, की परक्या भाषेतले वाक्य जुळवणे सोपे जाते.

राहता राहिली परीक्षा. अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला, तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे आवाहन विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना केले. पण परीक्षा येते वर्षाच्या शेवटी, आणि मूल गप्प बसते ते पहिल्या आठवड्यात. म्हणून पुढच्या वेळी एखादे मूल उत्तराविना उभे राहिले, तर त्याला लगेच खाली बसवू नका. तोच प्रश्न त्याला कळेल अशा भाषेत एकदा विचारून पहा.