दानाची पुस्तके, गावाचे वाचनालय



बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागातील जुन्या मराठी घरांत एक गोष्ट आता वरचेवर घडते. आजोबांनी जन्मभर जमवलेली पुस्तके माडीवर असतात. मुले पुण्याला नाहीतर बंगळूरला स्थिरावलेली. आजोबा गेले की घर विकायला निघते आणि कपाटे रिकामी करावी लागतात. शहरातल्या ग्रंथालयांनाही सगळे ठेवून घ्यायला जागा नसते. शेवटी पुस्तके किलोच्या भावाने रद्दीत जातात. आणि तिथून दहा-बारा किलोमीटरवरच्या खेड्यात सहावीतल्या मुलीला पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे मराठी पुस्तक हाताला लागत नाही.

आपल्या भागात वाचनाची आस्था नाही असे मात्र म्हणता येणार नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारखी गावे स्वतःच्या बळावर साहित्य संमेलने भरवतात, ग्रंथदिंडी काढतात, पालखीत ग्रंथ ठेवून मिरवतात. तो एक दिवस मोठा असतो. उरलेल्या दिवसांत त्याच गावात पुस्तक सहज हाती येईल अशी सोय कशी करावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

मी व्यवसायाने होमिओपॅथीचा डॉक्टर. ग्रंथालयशास्त्र शिकलेलो नाही. पण खेड्यापाड्यांतून दवाखाना चालवताना दानाच्या पुस्तकांवर सुरू झालेली वाचनालये पाहिली आहेत. काही टिकली, बरीच बंद पडली. बंद पडलेल्यांपैकी पुस्तके कमी पडली म्हणून बंद झालेले एकही मला आठवत नाही. पुस्तके होती, कपाटेही होती, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणालाच ठाऊक नव्हते.

दानाचा विचार आपल्या परंपरेत बारकाईने झालेला आहे. जैन धर्मात आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. ग्रंथ देणे हे त्यांतले शास्त्रदान. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, दानाचे फळ कशाने कमीजास्त होते त्याची चार कारणे दिली आहेत : विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. म्हणजे कसे दिले, काय दिले, कोणी दिले आणि कोणाला दिले. गावातले वाचनालय उभारताना याच चार प्रश्नांची उत्तरे आधी शोधली, तर निम्मे काम होते असा माझा अनुभव आहे.

त्याआधी दोन जुने दाखले पाहू. दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे नावाची जैन श्राविका होऊन गेली. लक्कुंडीचे ब्रह्म जिनालय तिनेच बांधवले. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून घेऊन तिने वाटल्या, म्हणून तिला ‘दानचिंतामणी’ म्हणतात. छापखाना नव्हता, प्रत्येक प्रत हाताने उतरवायची होती. घरात पडून राहिलेले काहीतरी तिने दिले नाही. लोकांना काय मिळायला हवे ते ठरवून तयार करवून दिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

दुसरा दाखला बडोद्याचा. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी 1906 साली आपल्या राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू केले. शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळाले नाही तर मुले अक्षर विसरतात, हे त्यांनी ओळखले. 1910 साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले. गावोगावी वाचनालये निघाली. जिथे वाचनालय नव्हते तिथे लाकडी पेटीतून पुस्तके फिरू लागली. गावाने आपला वाटा आधी उभा करायचा आणि मग सरकार व प्रांत पंचायतीने भर घालायची, अशी त्या योजनेची रीत होती. गावाने स्वतः काही घातल्याशिवाय वाचनालय गावाचे होत नाही, हा धडा आजही तसाच लागू आहे.

आता पहिला प्रश्न, द्रव्याचा. घरात उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या कुणी गरिबांसाठी म्हणून दवाखान्यात आणून देतात. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण डॉक्टर आधी मुदत पाहतो. मुदत संपलेले औषध गरिबालाही चालत नाही. पुस्तकांचे तसेच आहे. जुन्या अभ्यासक्रमाची गाईडे, बदललेल्या कायद्यांची आणि करांची पुस्तके, कालबाह्य संगणक-मार्गदर्शके, जुने वैद्यकीय सल्ले, पाच खंडांतला एकटा तिसरा खंड, वाळवी लागलेले किंवा बुरशी आलेले पुस्तक, हे सारे नम्रपणे परत करावे. ‘खेड्यात काय, काहीही चालते’ ही समजूत सर्वांत घातक. वाचक पहिल्या दोन खेपांत फाटके आणि निरुपयोगी पुस्तक घरी नेतो आणि तिसऱ्यांदा येत नाही.

मागून घ्यावे असे पुष्कळ आहे. मुलांची चित्रमय पुस्तके सर्वांत आधी. ती दानात फार थोडी येतात, म्हणून विकतच घ्यावी लागतात. मग कथा-कादंबऱ्या, चरित्रे, प्रवासवर्णने, शेती आणि जनावरांच्या निगेची पुस्तके, संतवाङ्मय. दिवाळी अंक तर खेड्यातल्या वाचनालयाचे खरे धन. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने ही परंपरा सुरू केली, आज शहरातल्या घरांत जानेवारी उजाडला की तेच अंक अडगळीत जातात. ते त्याच महिन्यात मागून आणावेत. ज्यांना सबंध कादंबरी झेपत नाही असा नवा वाचक अंकातल्या एका कथेपासून सुरुवात करतो.

दुसरा प्रश्न दात्याचा. देणाऱ्याशी आधीच स्पष्ट बोलावे आणि एका छोट्या दानपत्रावर सही घ्यावी. त्यात एवढेच असावे : दिलेली पुस्तके आता वाचनालयाची, त्यांतली जादा किंवा निरुपयोगी ठरतील ती दुसऱ्या वाचनालयाला देण्याचा, बदलून घेण्याचा वा काढून टाकण्याचा अधिकार समितीला आहे. पुस्तकाच्या आतल्या पानावर दात्याचे नाव शिक्क्याने जरूर घालावे. पण ‘वडिलांच्या नावाचे वेगळे कपाट ठेवा, त्यातले एकही पुस्तक हलवू नका’ ही अट मान्य करू नये. अशा कपाटातली पुस्तके शोभेची होतात. ज्यांना नाव राहावे असे वाटते त्यांना सुचवावे की दरवर्षी वडिलांच्या स्मृतिदिनी दोन नवी पुस्तके द्या. नाव राहते आणि कपाटही ताजे राहते.

तिसरा प्रश्न पात्राचा, म्हणजे वाचकाचा. होमिओपॅथीत आम्हाला औषधाआधी माणसाची सविस्तर विचारपूस करायला शिकवतात. वाचनालयाच्या समितीनेही तेच करावे. उद्घाटनाआधी पंधरा दिवस घरोघर जाऊन विचारावे : घरात कोण वाचते, काय वाचते, कोणत्या वेळी मोकळीक असते? उत्तरे आपल्या अंदाजापेक्षा वेगळी निघतात. मोतीबिंदू झालेल्या आजींना मोठ्या अक्षरातली पोथी हवी असते. तंबाखूच्या आणि उसाच्या कामावर जाणाऱ्या बायकांना सकाळी वेळ नसतो. पोलीस किंवा तलाठी भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला यंदाचे पुस्तक आणि बसायला शांत जागा हवी असते.

इथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी. आपल्या गावांत बरीच मुले आता कन्नड माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण वाचायला कन्नड सोपे जाते. मराठी वाचनालयात कन्नड पुस्तक कशाला, असे काहींना वाटेल. माझे मत उलट आहे. कन्नडचा एक खण ठेवला तर ही मुले दार ओलांडून आत येतात, आणि आत आल्यावर शेजारच्या खणातले मराठी गोष्टीचे पुस्तक त्यांच्या हाती पडते. दार बंद ठेवले तर ती दोन्हीकडून जातात. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती, हे आपण विसरू नये. मराठी टिकावी असे वाटत असेल, तर मूल मराठी कपाटाजवळ येईल अशी वाट ठेवली पाहिजे.

चौथा प्रश्न विधीचा, म्हणजे रोजच्या कामकाजाचा. इथेच बहुतेक वाचनालये अडतात, म्हणून तपशिलाने सांगतो.

जागा वर्दळीची असावी : समाजमंदिर, शाळेची खोली, दूध डेअरीजवळचा गाळा, मंदिराचे सभागृह. मात्र जिथे जायला गावातल्या एकाही समाजाला संकोच वाटेल, ती जागा नको. सुरुवातीला दोन लोखंडी कपाटे पुरतात. तीन फूट रुंदीच्या खणात सरासरी पाऊण इंच जाडीची सुमारे 48 पुस्तके मावतात. हात घालायला जागा ठेवली तर 40 धरा. पाच खणांच्या कपाटात 200, दोन कपाटांत 400. एवढ्या निवडक पुस्तकांवर छोट्या गावाचे वाचनालय चांगले सुरू होते. दोन हजार पुस्तके पोत्यांत भरून ठेवण्यापेक्षा ती चारशे बरी.

आलेली पुस्तके थेट कपाटात जाऊ देऊ नका. पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, एकेक उघडून झटका, सावलीत वारा द्या. एका पुस्तकातली कसर सगळ्या कपाटात पसरते. कपाट भिंतीपासून वीतभर दूर असावे, म्हणजे ओल आणि वाळवी लवकर दिसते. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवाव्यात. मुले जिथे बसतात तिथे डांबरगोळ्या मात्र नकोत. खाऊ समजून तोंडात गेल्या तर विषबाधा होते. आमच्याकडे श्रुतपंचमीला शास्त्रग्रंथ बाहेर काढून झटकायचे आणि नव्या वेष्टनात बांधायचे, अशी चाल आहे. वाचनालयानेही वर्षातला असा एक दिवस ठरवून घ्यावा. त्याच दिवशी मोजदाद होते आणि वर्षभर कुणी न उघडलेली पुस्तकेही कळतात.

नोंदवह्या दोनच ठेवा. पहिली दाखल नोंदवही : अनुक्रमांक, तारीख, पुस्तक, लेखक, दाता. तोच क्रमांक पुस्तकाच्या कण्यावर आणि आतल्या पानावर. दुसरी देवघेवीची वही : सभासद, पुस्तकाचा क्रमांक, नेल्याची आणि आणल्याची तारीख. विषयांसाठी कण्यावर रंगीत पट्ट्या चिकटवल्या की पुरे. मुलांची पिवळी, कादंबरी लाल, शेती हिरवी. संगणक नंतर आला तरी चालेल.

वेळ थोडी पण पक्की असावी. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी दोन तास, आणि बायकांसाठी रविवारी दुपारी एक वेळ. त्या वेळी दार उघडे म्हणजे उघडेच. दवाखान्याची वेळ चुकत राहिली की रोगी दुसरीकडे जातो. किल्ली दोघांकडे असावी आणि बसणाऱ्याला थोडे का होईना मानधन द्यावे. बारावी झालेली गावातलीच एखादी मुलगी किंवा सून हे काम उत्तम करते. केवळ सेवाभावावर सोपवलेले काम पेरणी-कापणीच्या दिवसांत थांबते.

मुलांकडून अनामत घेऊ नये. काही पुस्तके हरवतील, फाटतील. तो खर्च धरूनच चालावे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. पुस्तक जपून ठेवण्यापेक्षा ते वापरात आणणे हेच ग्रंथालयाचे काम, हा त्यांचा गाभा आहे. एकही पुस्तक न हरवलेल्या वाचनालयात बहुधा कुणी येतच नसते.

पैशाचे काय? मानधन, वीज, बांधणी आणि नवी पुस्तके हे चार खर्च दरवर्षीचे. दान फक्त सुरुवात करून देते. दरवर्षी काही नवी पुस्तके विकत घेतलीच पाहिजेत. वर्गणी लहान ठेवा, पण घरटी घ्या. कर्नाटकात 1965 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर आपण भरतोच. ग्रामपंचायतीची ग्रंथालये आता ग्रामविकास व पंचायत राज खात्याकडे आहेत. आपल्या गावात ते असेल तर निराळी चूल मांडण्याआधी पंचायतीशी बोलावे आणि तिथेच मराठी कपाट ठेवता येईल का ते पाहावे. स्वतंत्र संस्था करायची असेल तर 1960 च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. म्हणजे समिती बदलली तरी पुस्तके कुणा एकाच्या घरी जात नाहीत.

शेवटी एवढेच सांगतो. वाचनालयाच्या वार्षिक अहवालात ‘यंदा इतकी पुस्तके भेट मिळाली’ हे वाक्य पहिले असते. ते दुसरे करा. पहिले वाक्य असावे, ‘यंदा इतकी पुस्तके घरी वाचायला गेली’. आपल्यापैकी अनेकांच्या माडीवर पुस्तके आहेत. ती मुलांवर सोडू नका. हयातीतच, स्वतः निवडून, जवळच्या एका गावाला द्या आणि सहा महिन्यांनी तिथे जाऊन देवघेवीची वही पाहा. आपण दिलेल्या पुस्तकाच्या क्रमांकापुढे चार नावे दिसली, तर शास्त्रदान पोचले असे समजावे.