कॅमेरा हाती घेताना (भाग ६) : कॅनन की निकॉन? आधी दुसरी लेन्स ठरवा

गेल्या भागात अॅपर्चर, शटर आणि आयएसओ यांचं त्रांगडं सोडवलं. आता खरेदीकडे वळू. हौशी माणूस पहिला डीएसएलआर घ्यायला निघाला की त्याच्यापुढे हमखास दोन नावं येतात : कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५००. दोन्ही २०१८ सालचे, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, दोन्हींसोबत १८-५५ची किट लेन्स. डी३५००चं उत्पादन निकॉनने थांबवलंय, त्यामुळे तो बहुधा सेकंडहँडच घ्यावा लागतो. तरी वाद अजून याच जोडीवरून रंगतो.

कागदावर निकॉन उजवा आहे. प्रमाणित चाचणीत त्याची बॅटरी एका चार्जिंगवर १५५० फोटो देते, कॅननची ५००. निकॉन सेकंदाला ५ फोटो काढतो, कॅनन ३. फोकसचे बिंदू ११ विरुद्ध ९, वजन ४१५ ग्रॅम विरुद्ध ४७५. कॅननच्या बाजूने दोन गोष्टी : फोटो मोबाइलवर घ्यायला वायफाय आहे (निकॉनमध्ये नुसतं ब्लूटूथ), आणि एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो आपोआप काढायची सोय आहे.

फोटोत फरक किती? दिवसाउजेडी काढलेले जेपीईजी शेजारी शेजारी ठेवले, तर कुठला कोणाचा हे सांगता येणार नाही. फरक दिसतो तो रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या फाइलमध्ये. ओसरीवर आजी बसल्यात, मागे अंगणात टळटळीत ऊन आहे, असा प्रसंग घ्या. अंगण पांढरंफटक पडू नये म्हणून उजेड कमी घेतला, की आजींचा चेहरा काळवंडतो. नंतर संगणकावर तो उजळायला गेलात, की कॅननच्या फाइलमध्ये गालांवर रंगीत कण उठतात. निकॉनची फाइल बरंच जास्त सोसते. रॉच्या वाटेला जायचंच नसेल, तर हा मुद्दा सोडून द्या.

मग निकॉनच घ्यावा की! थांबा. बॉडी चार-पाच वर्षांत बदलली जाते, लेन्स राहते. आणि लेन्सच्या बाबतीत या दोन घराण्यांचा इतिहास वेगळा आहे.

निकॉनचा एफ माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची जागा) १९५९ सालचा. ऑटोफोकसचं युग आलं तेव्हा निकॉनने जुना माउंट राखला आणि फोकसची मोटर बॉडीत बसवली. कॅननने १९८७ मध्ये जुना माउंट मोडीत काढून ईओएस मालिका आणली आणि मोटर प्रत्येक लेन्समध्ये घातली. जुन्या लेन्स बाळगून असलेल्या कॅननच्या गिऱ्हाइकांना ते झोंबलं, पण त्याचं फळ आज नवशिक्याला मिळतं : १९८७ नंतरची कॅननची कुठलीही ईएफ ऑटोफोकस लेन्स १५००डीवर लावा, ती फोकस करते. निकॉनने मात्र २००६च्या डी४०पासून स्वस्त बॉडीतली मोटर काढून टाकली. डी३५००मध्येही ती नाही.

त्यामुळे जुन्या बाजारात ५० एमएम एफ/१.८डी स्वस्तात दिसली, तर डी३५००वाल्याने हुरळून जाऊ नये. लेन्स उलटी करून पाहा. माउंटच्या धातूच्या कड्यावर खाच असलेल्या स्क्रूच्या डोक्यासारखा बारीक तुकडा दिसतो. बॉडीतली मोटर तोच फिरवते. तो दिसला, की तुमच्या बॉडीवर फोकस हाताने करावा लागणार. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल, तर लेन्सच्या आतच मोटर आहे. ती घ्या.

आता प्रश्न दुसऱ्या लेन्सचा. किट लेन्स ५५ एमएमला एफ/५.६च्या पुढे उघडत नाही. एफ/१.८ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. सभागृहातलं नाटक किंवा ट्यूबलाइटखाली पळणारं पोर टिपताना जिथे १/१० सेकंदाचं शटर सगळं हलवून टाकतं, तिथे १/१०० मिळतं. म्हणून हौशी माणसाची दुसरी लेन्स बहुधा हीच असते.

कॅननची ५० एमएम एफ/१.८ एसटीएम तिच्या कंपनीतल्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे. पण १५००डीचा सेन्सर लहान असल्याने ती फुल फ्रेमवरच्या ८० एमएमइतकी दिसते. चेहऱ्यासाठी ती छान, पण दहा बाय दहाच्या खोलीत माणूस मावेना म्हणून तुमची पाठ भिंतीला टेकते. इथे निकॉनकडे हुकमी पत्ता आहे : एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ/१.८जी. ती फुल फ्रेमवरच्या साधारण ५२ एमएमसारखी वागते आणि घरात नीट चालते. कॅननची २४ एमएम एफ/२.८ चपटी, सुबक आणि स्वस्त आहे, पण एफ/१.८च्या मानाने निम्म्याहून कमी उजेड घेते.

पक्ष्यांसाठी भिगवणला जाणार असाल, तर निकॉनची ७०-३०० आणि कॅननची ५५-२५० अशी निवड आहे. लांब पल्ला आणि सेकंदाचे ५ फोटो यांमुळे निकॉनचं पारडं थोडं जड. मात्र लेन्सवरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय पैसे मोजू नका. निकॉनच्या याच लेन्सच्या एका आवृत्तीत ‘व्हीआर’ नाही, आणि कॅननच्या १८-५५च्या एका आवृत्तीत ‘आयएस’ नाही. हात हलला तरी फोटो सावरणारी यंत्रणा ती हीच, आणि बाहेरून दोन्ही आवृत्त्या दिसायला जवळजवळ सारख्याच.

सेकंडहँड घेताना आणखी दोन तपासण्या. शटर किती वेळा उघडलं हा आकडा निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. कॅननच्या जेपीईजीत तो सापडत नाही, विचारावा लागतो. दुसरी तपासणी कोकणात आणि मुंबईत विशेष महत्त्वाची : लेन्समधून मोबाइलची बॅटरी मारून पाहा. काचेवर कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. पावसाळी दमट हवेत ती वाढते, आणि साफ करायचा खर्च कधीकधी लेन्सच्या किमतीला भिडतो.

तर निवाडा असा. घरातली माणसं, कार्यक्रम, रॉवर काम : डी३५०० आणि ३५ एमएम. चेहरे टिपायचेत, बजेट आखडतं आहे, जुन्या लेन्स बिनघोर घ्यायच्यात : १५००डी आणि ५० एमएम. व्हिडिओ हाच मुख्य हेतू असेल, तर दोघांनाही सोडा आणि कॅनन २००डी मार्क २ पाहा. त्याचा स्क्रीन बाहेर वळतो आणि स्क्रीनवर पाहून केलेला फोकस चपळ आहे. त्याच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत मधला संपर्कबिंदू नाही, त्यामुळे इतर कंपन्यांचे साधे स्वस्त फ्लॅश त्यावर पेटत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. घरात कुणाकडे लेन्सचा साठा असेल, तर वरचं सगळं विसरून त्यांच्याच कंपनीची बॉडी घ्या.

दोन्ही कंपन्यांचं लक्ष आता मिररलेसकडे आहे, तेव्हा आज घेतलेली लेन्स उद्या वाया जाईल का, ही धास्ती रास्त आहे. कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्या अडॅप्टरवर नव्या बॉडीत फोकससह चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्सही चालतात, पण स्क्रूवाल्या तिथेही हातानेच फिरवाव्या लागतात. म्हणजे योग्य लेन्सवर घातलेला पैसा पुढच्या बॉडीलाही कामी येतो. बजेट मांडताना बॉडी आणि दुसरी लेन्स यांची बेरीज एकत्र करा आणि मगच दोन कंपन्यांची तुलना करा.

(पुढील भागात : किट लेन्सकडून जास्तीत जास्त काम कसं करून घ्यावं)