थंडीतले सण, थंडीतले ताट (भाग ४) : माणची बाजरी, कृष्णाकाठचा गूळ

गेल्या भागात युरोपातल्या नाताळची ओळख झाली. ड्रेस्डेनच्या श्टोलेन नावाच्या गोड पावात उपवासाच्या दिवसांत लोणी घालायला मनाई होती. ते घालायची मुभा पोपच्या पत्राने १४९१ मध्ये मिळाली. श्टोलेनमधला सुका मेवा, युक्रेनच्या कुत्या नावाच्या नाताळच्या खिरीतले गहू, खसखस आणि मध, इराणमध्ये यल्दाच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री चिरले जाणारे कलिंगड हे सगळे कोठीतले अन्न. बाहेर रान गारठलेले असते, म्हणून उन्हापावसात जमवून ठेवलेले सणाला बाहेर काढायचे.

सातारा-सांगलीकडे उलटे आहे. इथे जानेवारीत रान भरात असते. पावटा, घेवडा शेंगांनी लगडलेला, हरभऱ्याला घाटे धरलेले, गाजरे काढणीला आलेली, बोरी पिकलेल्या आणि ऊस तोडीला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, हे सगळे एकाच कढईत उतरते.

ही भोगीची भाजी. कुणी तिला खेंगट म्हणते, कुणी लेकुरवाळी भाजी. वांगी, गाजर, पावटा, घेवडा, सोललेला ओला हरभरा, शेंगदाणे, काही घरांत बोरे आणि उसाचे करवेसुद्धा. फोडणीत कांदा-लसूण मसाला पडतो, मग भाजलेल्या तिळांचे आणि दाण्यांचे कूट. रस्सा दाटसर ठेवायचा. तीळ भाजताना तडतडू लागले की लगेच उतरवायचे; जरा जास्त लाल झाले की सगळ्या भाजीला कडवटपणा येतो. शेजारी मुगाची खिचडी, वांग्याचे भरीत, लोण्याचा गोळा आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण याच ताटावरून पडली.

या ताटाचा भूगोल फार बोलका आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला माण तालुक्यात जेमतेम ५०० च्या आसपास. सांगलीतही शिराळ्याकडून जत-आटपाडीकडे जाताना हाच फरक दिसतो. बाजरी त्या कोरड्या पूर्वेची. कमी पाण्यावर, हलक्या जमिनीत येणारी. गूळ मात्र कृष्णा-कोयनेच्या काठचा, कराड-वाळव्याच्या काळ्या रानातल्या उसाचा. एरवी पाण्यावरून या दोन मुलखांची तुलना दुखरीच होते; भोगी-संक्रांतीला मात्र दोघांचे पीक शेजारीशेजारी वाढले जाते.

बाजरीचे पीठ फार दिवस टिकत नाही. तिच्यात स्निग्धांश ज्वारीपेक्षा जास्त, त्यामुळे दळून ठेवलेले पीठ थोड्याच दिवसांत कडू लागते. म्हणून भोगीचे दळण आदल्या दिवशी गिरणीत जाते.

उसाचीही हीच वेळ. थंडीत उसाची वाढ मंदावते आणि साखर कांड्यात साठू लागते, म्हणून या दिवसांत गुऱ्हाळे धडधडत असतात. चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडे जळतात, वर काहिलीत रस उकळतो. भेंडीच्या झाडाचा चिकट रस त्यात घातला की मळी फेस होऊन वर येते. ती झाऱ्याने काढत राहायचे. मग सगळी मदार गुळव्यावर. पाकाचा थेंब पाण्यात टाकून तो बोटांनी चाचपतो आणि काहील उतरवायची की नाही ते सांगतो. जरा आधी उतरवली तर गूळ मऊ पडतो, उशीर झाला तर करपतो. बाजारात पिवळाधमक गूळ मागितला जातो म्हणून काही ठिकाणी रंग उजळायला हायड्रोस पावडर वापरतात. ही मागणी ग्राहकांनीच बदलायला हवी. गुळाच्या पोळीला तांबूस, बिनरसायनाचा गूळच खरा चवीचा.

गुळाची पोळी हे संक्रांतीचे मुख्य पक्वान्न. किसलेला गूळ, तेलावर खमंग भाजलेले बेसन, तिळाचे कूट, सुके खोबरे, खसखस, वेलची-जायफळ हे सगळे मळून गोळा करायचा. कणकेला कडकडीत मोहन घालायचे. दोन लाट्यांच्या मध्ये गुळाची चपटी लाटी ठेवून कडा दाबायच्या आणि गूळ काठापर्यंत जाईल अशी पोळी लाटायची. बेसन वितळणाऱ्या गुळाला धरून ठेवते. ते कमी पडले की गूळ फुटून तव्यावर जळतो. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी आंबू लागते, कारण पुरणात पाणी असते. गुळाच्या सारणात पाण्याचा थेंब नसतो, म्हणून ही पोळी आठवडाभर सहज राहते. माथाडी कामासाठी मुंबईला गेलेल्या सातारकरांकडे ती डब्यातून पोचते ती याच गुणावर.

तीळ आणि गोडाची जोडी मात्र इतरत्रही दिसते. तिळात जवळपास निम्मे तेल असते. थंडीत शरीराला हवे तेच. चीनमध्ये दोंगझीला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सणाला, दक्षिणेकडे तांदळाच्या पिठाच्या मऊ गोळ्या खातात, त्यांत अनेकदा काळ्या तिळाचे गोड सारण असते. आणि जत-मिरजेच्या पलीकडे, कर्नाटकात, संक्रांतीला एळ्ळु-बेल्ला वाटतात: तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे आणि डाळं.

मिरजेत आणखी एक थंडीचा सण ताटात येतो. इथे मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभे केले. शहरात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला केकबरोबर करंज्या, शंकरपाळ्या आणि चकल्याही होतात.

या सगळ्यात रब्बी ज्वारी अजून रानातच आहे. कणसात दाणा दुधावर येतो तेव्हा आगटी पेटते आणि हुरडा भाजला जातो. पुढच्या भागात त्याच आगटीपाशी जायचे आहे.