मतांचा लिलाव

नाशिक जिल्ह्यांतील देवळा तालुक्यांत उमराणें म्हणून गांव आहे. कांद्याच्या बाजारामुळें आमच्या व्यापारी वाचकांस तें नांव नवें नाहीं. तेथें बोली पुकारली जाणें ही नित्याची गोष्ट. परंतु डिसेंबर २०२० मध्यें त्या गांवीं जी बोली पुकारली गेली ती कांद्याची नव्हे, ग्रामपंचायतींतील पदांची होती. ती दोन कोटी रुपयांच्या वर गेली, आणि ही रक्कम देवळाच्या बांधकामास लावावयाची असें ठरलें. नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी येथेंहि असाच प्रकार घडून बोली ४२ लाखांवर थांबली. राज्य निवडणूक आयोगानें अहवाल मागवून व चित्रफिती पाहून, जानेवारी २०२१ मध्यें मतदान तोंडावर आलें असतां, दोन्ही गांवांची निवडणूक रद्द केली.

आयोगानें केलें तें योग्यच केलें. परंतु हुकुमानें निवडणूक रद्द होते, समजूत रद्द होत नाहीं. आणि समजूत अशी कीं, यांत वाईट तें काय झालें? पैसा कोणाच्या खिशांत न जातां देवाच्या कामीं लागणार होता, गांवांत तंटा होणार नव्हता, खर्चहि वांचणार होता. असें म्हणणारे सगळेच लबाड नसतात. पुष्कळसे सालस व श्रद्धाळू असतात. म्हणूनच त्यांस उत्तर देणें अवश्य आहे.

स्वातंत्र्यापूर्वीं कायदेमंडळासाठीं मत देण्याचा हक्क मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटींनीं जखडलेला होता. राज्यघटनेनें त्या अटी मोडल्या, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत सालदार व त्याचा धनी एकाच रांगेंत उभे राहिले. लिलावाच्या मांडवांत त्या जुन्या अटींहूनहि कडक अट परत येते: ज्याची थैली सर्वांत मोठी त्याचें एकट्याचें मत खरें, बाकी सर्वांचें शून्य. रोजावर खुरपणारी बाई किंवा वस्तीवरचा भिल्ल यांस त्या मांडवांत बसावयास जागा मिळेलहि; बोलावयास मिळणार नाहीं. २०११ सालापासून महाराष्ट्रांत पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखीव आहेत. बोली लावण्याजोगी मिळकत किती स्त्रियांच्या नांवावर असते, हें वाचकांनीं आपल्याच घरचे सातबारे उघडून पाहावें.

भांडवल घालणारा परताव्याचा हिशेब आधीं मांडतो, हें व्यापाऱ्यांस आम्हीं काय सांगावें? २०१५ सालापासून केंद्रीय वित्त आयोगाचा पैसा पंचायतींकडे पूर्वींपेक्षां पुष्कळच मोठ्या प्रमाणांत येऊं लागला. गटार कोठें बांधावयाचें, नळ कोणत्या आळींत आधीं न्यावयाचा, काम कोणाला द्यावयाचें, या गोष्टींत सरपंचाचा शब्द वजनदार असतो. देवास दोन कोटी वाहून जो स्वस्थ बसेल तो खरा भक्त. पण मग त्यास पदाची अट कशाला? पावती घेऊन देणगी द्यावयास कोणाची मनाई होती?

खेड्यांतील मत कसें पडतें याची शहरवासीयांस पुरती कल्पना नसते. महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाहीं. पॅनेलें उभीं राहतात. भावकी, सोयरीक, सोसायटीचें कर्ज, विहिरीच्या पाण्याची पाळी, बांधावरचा तंटा, यांवर मत कलतें. जो गृहस्थ लोकसभेस एका पक्षास मत देतो, तोच पंचायतींत त्या पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्याविरुद्ध जातो, आणि त्यांत त्यास विसंगति वाटत नाहीं. (निकालानंतर सर्व पक्ष आपापल्या ग्रामपंचायतींचे आंकडे जाहीर करितात, त्यांची बेरीज गांवांच्या संख्येहून जास्त भरली तरी नवल नाहीं.) हीं सारीं दडपणें उघड असतात. त्यांतून सुटण्याची जागा एकच, ती म्हणजे मतयंत्राभोंवतींचा पुठ्ठ्याचा आडोसा. कर्जदार सावकाराच्या गाडींतून येतो आणि बटण मनाजोगतें दाबतो. लिलावांत तो आडोसाच नाहींसा होतो.

बिनविरोध निवड सर्वस्वीं त्याज्य आहे असें आमचें म्हणणें नाहीं. गुजरातेंत २००१ सालीं ‘समरस’ योजना निघून अशा गांवांस सरकारी बक्षीस मिळूं लागलें, आणि आमच्याकडील कांहीं आमदारांनींहि तशीच निधीची लालूच दाखविली. तें एकमत आम्हांस संशयास्पद वाटतें. परंतु अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांतील हिवरें बाजारची गोष्ट निराळी. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढारपणाखालीं पाणलोटाच्या कामानें नांवारूपास आलेल्या या गांवीं सुमारें तीस वर्षें पंचायतीसाठीं मतदान झालें नव्हतें. जानेवारी २०२१ मध्यें तें झालें. विरोधी उमेदवार उभे राहिले, गांव रांगेंत लागलें, आणि श्री. पवारांच्या पॅनेलनें सातहि जागा जिंकल्या. मागील एकमत खरें होतें कीं केवळ मुकें, हें त्या दिवशीं मोजून कळलें. त्याआधीं तें छातीठोकपणें कोणासहि सांगतां आलें नसतें, खुद्द श्री. पवारांसहि नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांकडे मूळ गांवाहून देवळाच्या वर्गणीच्या वह्या येत असतात. पुढच्या खेपेस वही येईल तेव्हां, या रकमेच्या मोबदल्यांत गांवांत कोणतें पद कोणास ठरलें आहे काय, एवढें विचारून घ्यावें. ठरलें असल्यास वही कोरी परत करावी. नसल्यास आंकडा घालतांना हात आंखडूं नये.