पाळण्याची दोरी

जालन्यात कुणाशीही पाच मिनिटं बोला, 'जालना सोने का पालना' ही म्हण कानावर पडतेच. पाठोपाठ बियाणं, लोखंडी सळई आणि मोसंबी यांचं कौतुक येतं. म्हण खोटी नाही. पण पाळणा असला की दोरीही असते, आणि ती जालन्याच्या हातात फारशी कधी नव्हती. कधी ती पैठणच्या हातात होती, कधी देवगिरीच्या, कधी दिल्लीच्या, कधी हैदराबादच्या. पैसा गावात आणि सत्ता परगावी, असं का झालं? बखरी उघडण्याआधी नकाशा उघडावा.

जिल्ह्याच्या उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेला गोदावरी. मधे काळ्या मातीची सपाटी आणि तिच्यातून वाहणाऱ्या पूर्णा, दुधना, कुंडलिका. या मातीत कापूस आणि ज्वारी भरपूर पिकते. पीक आलं की बाजार भरतो, बाजार भरला की सावकार येतो. राजधानीला मात्र पिकाआधी आडोसा लागतो. देवगिरीच्या यादवांना उभा कातळ मिळाला. जालन्याला तसं काहीच नाही. इथे घोडदळाला चारा आहे, माणसांना दाणा आहे, आणि वाटेत अडवणारं कुणी नाही. त्यामुळे जालना घेणं सोपं आणि राखणं अवघड. तिकडे डोंगरी किल्ल्याचा हिशोब नेमका उलटा असतो.

सपाटीला वाटेचं महत्त्व असतं आणि वाटेला घाटाचं. सातवाहनांच्या काळात पैठणहून उज्जैनकडे जाणारा व्यापारी रस्ता अजिंठ्याचे डोंगर ओलांडून जाई. त्या रस्त्यावरचं भोगवर्धन म्हणजे आजचं भोकरदन. सांचीच्या स्तूपावर कोरलेल्या दात्यांच्या नावांत भोगवर्धनची माणसं आहेत. इथल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली, तिचा घाट थेट इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या भारतीय मूर्तीशी जुळतो. एवढं मोठं गाव, पण राजा बसे पैठणला. भोकरदनला बसत ते कारागीर आणि व्यापारी.

दीड हजारांहून जास्त वर्षांनी हाच हिशोब शिवाजी महाराजांनी मांडला. नोव्हेंबर 1679 मध्ये मराठी फौज मोगलांच्या जालना या श्रीमंत पेठेवर आली आणि चार दिवस लूट चालली. महाराज इथे ठाणं मांडून बसले नाहीत. बसले असते तर औरंगाबादची मोगल फौज उरावर आली असती. खरी कसोटी परतीच्या वाटेवर होती. लुटीने जड झालेल्या फौजेला संगमनेरजवळ मोगलांनी गाठलं. लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. शेवटी बहिर्जी नाईकांनी आडवाटेने फौज पट्टा किल्ल्यावर नेली. डोंगर लागला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. महाराजांनी त्या गडाचं नाव विश्रामगड ठेवलं. सपाटीवरून पैसा मिळवायचा आणि सह्याद्रीत शिरून तो राखायचा, ही स्वराज्याची रीत त्या एका नावात दिसते.

जालन्याचा किल्ला यानंतरचा, निजामाच्या अमलात 1725 मध्ये बांधलेला. तो उभा राहून दोनच वर्षं झाली होती, तेव्हा पहिल्या बाजीरावाने जालना-सिंदखेडचा मुलूख लुटून निजामाला डिवचलं.

या भूमीतली दुसरी मोठी शक्ती म्हणजे पाणी. आपल्या नद्या वर्षभर सारख्या नसतात. मे महिन्यात ज्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात, तेच पात्र ऑगस्टमध्ये तटबंदी होऊन बसतं. 1763 च्या ऑगस्टमध्ये गोदेच्या पलीकडे, बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला निजामअलीची अर्धी फौज नदी उतरून गेली होती आणि अर्धी मागे राहिली होती. माधवराव पेशव्यांनी मागच्या अर्ध्या फौजेला गाठलं. निजामअलीचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. नदीला पूर होता, निजामअली पैलतीरावर बसून राहिला.

हे गणित इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला पाठ होतं. 1803 मध्ये त्याने मोहीम मुद्दाम पावसाळ्यात काढली. मराठ्यांच्या चपळ घोडदळाला भरलेली गोदावरी अडवते, आणि आपण होड्या तयार ठेवल्या तर आपल्याला अडवत नाही, हा त्याचा हिशोब. ऑगस्टअखेर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले अजिंठा घाटाने खाली जालन्याच्या मुलखात उतरले. हैदराबादची वाट त्यांना मोकळी मिळू नये म्हणून वेलस्ली गोदावरीच्या काठाकाठाने राहिला. 21 सप्टेंबरला बदनापूरला त्याची कर्नल स्टीव्हन्सनशी गाठ पडली. पुढे डोंगर होते आणि वाटा अरुंद. म्हणून दोघांनी दोन वाटांनी जाऊन 24 तारखेला एकत्र हल्ला करायचा असं ठरलं.

23 तारखेला दुपारी वेलस्लीला कळलं की शत्रू समोरच आहे, तोही केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जिभेसारख्या पट्टीत. वाटाड्यांचं म्हणणं, जवळपास उतार नाही. वेलस्लीने पाहिलं तर अलीकडच्या काठावर एक गाव आणि जवळजवळ समोर, पलीकडच्या काठावर दुसरं. इंग्रजी कागदांत पीपलगाव आणि वरूर अशी त्यांची नावं आहेत. त्याने ताडलं की दोन गावं समोरासमोर वसली आहेत तर त्यांच्यात येणंजाणं असणार, म्हणजे उतारही असणार. उतार निघाला. आपल्याकडच्या कुठल्याही आजीने हेच सांगितलं असतं: सोयरीक आहे तिथे वाट असतेच.

नदी उतरून तो त्या जिभेच्या टोकाकडून आत शिरला. दोन्ही अंगांना नद्या, त्यामुळे मराठ्यांच्या हजारो घोडदळाला पसरायला जागाच उरली नाही. गर्दी जास्त आणि मैदान चिंचोळं झालं की संख्या ओझं होते. तरी शिंद्यांच्या कवायती पलटणींनी झटपट तोंड फिरवून नवी फळी धरली. तोफा आसई गावाजवळ टिच्चून उभ्या राहिल्या, गोलंदाज तोफेपाशीच मेले. वेलस्लीची 1,584 माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्याच्या हाती 98 तोफा लागल्या. सगळं भूगोलावर ढकलता येणार नाही. त्या दिवशी फौज पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाती होती, शिंदे-भोसले स्वतः मैदानात उभे राहिले नाहीत. नदीला उतार होता हे खरं, पण त्या उतारावर पुरेसा पहारा का नव्हता, हा प्रश्न नदीला विचारून उपयोग नाही.

वर्षअखेरीच्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी सोडलेल्या मुलखाची हद्द कशी लिहिली ते बघा: अजिंठ्याचे डोंगर आणि गोदावरी यांच्यामधला मुलूख, जालन्याच्या किल्ल्यासकट. डोंगर आणि नदी, तेव्हापासून कलमात बसले. पुढे हा मुलूख निजामाच्या पदरात पडला आणि 1948 पर्यंत राहिला. त्या सप्टेंबरात भारतीय सैन्याचे रणगाडे आले, आणि औरंगाबाद-जालना पहिल्या काही दिवसांतच हाती लागलं. सपाटी घोड्याला अडवत नव्हती, तिने रणगाड्यालाही अडवलं नाही.

त्याआधीच, विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या मुलखातली मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली, तेव्हा दोरी दुसऱ्या दिशेला वळली. रेल्वेने घाट टाळले आणि जालना, परतूर, सेलू अशी दुधनेच्या खोऱ्यातून पूर्व-पश्चिम वाट धरली. उत्तर-दक्षिण रस्त्यावर वाढलेलं भोकरदन बाजूला पडलं आणि जालन्याचा मोंढा फुगला. 1 मे 1981 रोजी औरंगाबादपासून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा मुख्यालयाचा मान अर्थातच जालन्याला. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गही तीच पूर्व-पश्चिम दिशा घेऊन जालन्याजवळून जातो.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने जालना-जळगाव या 174 किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. तो राजूर, भोकरदन, सिल्लोड करत अजिंठ्याचे डोंगर ओलांडणार आहे.